गणपतीपुढची फ्रेंच राज्यक्रांती

जगात आजवर जे जे वाईट घडलं त्या सगळ्याची सुरुवात पॅरिसात झाली, असं छातीठोकपणे सांगणारा अख्ख्या बडोद्यात एकच माणूस आहे, आणि ते नेमके आमच्या हिचे मामा आहेत. पॅरिस त्यांनी पाहिलेलं नाही. पासपोर्टही काढलेला नाही. पण हरणीतल्या त्यांच्या सोसायटीत लिफ्ट अडकली, नळाला पाणी आलं नाही, शेजारच्या मुलाने इंजिनियरिंग सोडून तबला धरला, यातलं काहीही झालं की मामा डोळे मिटून मान हलवत आणि म्हणत, "तिथूनच सुरू झालं हो सगळं. भर चौकात राजाचं डोकं उडवलं ना, त्या दिवसापासून कुणाला कसली चाड राहिली नाही." ज्याची लिफ्ट अडकली होती तो गृहस्थ बिचारा जिन्याने वर निघून जाई. एकदा तर सोसायटीच्या आवारात जुन्या फरश्या काढून नव्या घालायचा ठराव आला, तेव्हा मामा सभेत उठून उभे राहिले आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, "असंच असतं. आधी फरश्या उखडतात, मग तेच दगड हातात घेतात." सेक्रेटरी सुतारकामाच्या धंद्यातले साधे गृहस्थ. त्यांनी घाबरून ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला.

या सगळ्याचं मूळ मामांच्या पणजोबांत आहे. पणजोबा जुन्या बडोदा संस्थानात मोठे कारभारी होते. लष्करी कॅम्पातला कुणी एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने आपल्या दिवाणखान्यातली एकवीस चित्रं पणजोबांना भेट दिली. चित्रं म्हणजे इंग्रजांनी फ्रेंच क्रांतीची उडवलेली टर. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलेली, आणि मग हाताने पाण्याच्या रंगांत रंगवलेली. एकात जेवणाच्या टेबलाशी बसलेला, पोट सुटलेला, गुलाबी गालांचा इंग्रज आणि त्याच्यासमोर 'मी स्वतंत्र झालो' म्हणत कच्चा कांदा चावणारा हाडकुळा फ्रेंच. दुसऱ्यात स्वातंत्र्याचं झाड, फळांच्या जागी मुंडकी. तिसऱ्यात एक तत्त्वज्ञ गाढवावर उलटा बसून चंद्र पोत्यात भरतोय आणि मागून लोक त्याचं घर पेटवतायत. जो कुणी क्रांतिकारक असेल त्याच्या डोक्यावर लालभडक टोपडं. साहेब जाताना पणजोबांना म्हणाला होता म्हणे, की ही रोज पाहत जा, म्हणजे डोक्यात नसते विचार येणार नाहीत. पणजोबा आज्ञाधारक. त्यांनी ती खरोखरच रोज पाहिली आणि त्यांच्या डोक्यात मरेपर्यंत कुठलाच विचार आला नाही, असं आमची ही म्हणते. अर्थात मामांच्या माघारी.

आता एवढ्यावर भागलं असतं तर घराघरांत असतात तशी जुनी चित्रं म्हणून ती धूळ खात पडली असती. पण एका वर्षी गणपतीचा पडदा रंगवणारा चितारी ऐनवेळी आजारी पडला. मखरामागची भिंत उघडी कशी ठेवायची म्हणून पणजोबांनी साहेबाची चित्रं आणून टांगली. त्याच वर्षी त्यांना बढती मिळाली आणि मुलगाही झाला. झालं! तेव्हापासून मामांच्या घराण्यात गणपतीला एकवीस दूर्वा, एकवीस मोदक आणि एकवीस गोरे हा कुळाचार ठरला. माणसं गेली, घर बदललं, गावातल्या जुन्या जागेतून मामा हरणीच्या तळमजल्यावर आले, पण गोरे चुकले नाहीत. श्रावण सरत आला की माळ्यावरची ट्रंक उतरायची, चित्रं जमिनीवर पसरून त्यांना वारा द्यायचा, काचा पुसायच्या आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती भिंतीवर चढवायची. मध्ये शेंदरी, सुखी, लंबोदर बाप्पा, आणि भोवती धडावेगळी मुंडकी. पहिल्यांदा येणारा माणूस हात जोडायचा विसरत असे.

मी पहिल्यांदा गेलो तो नवा जावई म्हणून. आरती झाली. मी खिरापतीसाठी हात पुढे केला तर आमची ही कानात म्हणाली, "उतावळ करू नका. आधी राजा मरू दे." मामांनी छडी घेतली आणि पहिल्या चित्रापासून सांगायला सुरुवात केली. कोण, कुठला, त्याने काय केलं, चित्रकाराने त्याचं नाक एवढं लांब का काढलं, त्यात गंमत काय. खिरापतीचं ताट मामींच्या हातात आणि मामी मामांच्या मागे उभ्या, त्यामुळे पळून जायची सोय नाही. शेजारपाजारचे लोक वर्षानुवर्षं यावर उपाय शोधत होते. काहीजण मुद्दाम उशिरा यायला लागले, तर मामांनी व्याख्यान आरतीच्या आधीऐवजी नंतर ठेवलं. काहींनी लहान मुलांना रडायला शिकवून आणलं, तर मामांनी मुलांना आधी मोदक देऊन बाहेर खेळायला पाठवलं. एवढं धोरण त्या फ्रान्सच्या राजाजवळ असतं तर तो वाचला असता.

मी नवा जावई, म्हणून एका चित्राला नम्रपणे हसलो. मामा थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, हा शोकप्रसंग आहे. हसायचं पुढच्याला आहे." मग पुढच्या चित्राशी जाऊन त्यांनी समजावून सांगितलं आणि वाट पाहिली. मी हसलो. त्यांनी मान हलवली. "नाही. हे तुम्ही माझ्यासाठी हसलात." तेव्हा मला कळलं की या माणसाला काय हवंय. विनोद समजावून सांगितला की मरतो, हे मामांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ते उभा जन्म तेच करत आले होते, कारण न समजावता कुणी हसतच नव्हतं. त्यांचं एकच मागणं होतं. आपल्या हयातीत एकदा, एका तरी माणसाने या चित्रांसमोर यावं आणि कुणी काही सांगायच्या आत त्याला खदखदून हसू फुटावं. बढती मागावी, परदेश मागावा, मुलाला मोठा बंगला मागावा, तसं मामा गणपतीकडे दरवर्षी हे मागायचे. आम्ही सगळे त्या मागण्याला हसायचो, चित्रांना मात्र नाही.

प्रयत्न त्यांनी पुष्कळ केले. मामा नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात हिशेब खात्यात होते. तिथे एकदा संप झाला. कामगार फाटकाबाहेर भाकरीची फडकी सोडून जेवायला बसले होते. मामांना वाटलं, हीच वेळ, आत्ताच यांना सावध केलं पाहिजे. ते घरून जेवणाऱ्या इंग्रजाचं चित्र बगलेत मारून बसने नंदेसरीला गेले आणि फाटकाशी सरळ कामगारांमध्ये जाऊन उभे राहिले. बघा, म्हणाले, क्रांती केली तर काय होतं. कामगारांनी चित्र पाहिलं. समोर त्यांच्या पुढ्यात रोटलो आणि कांदा होता. चित्रात एक रोडका माणूस कांदा खात होता आणि एक पोट सुटलेला मांस चापत होता. एकजण ओरडला, "आ तो आपणा शेठ!" दुसऱ्याने कांदेवाल्यावर बोट ठेवून तो म्हणजे आपणच असं सांगितलं, "ने आ आपणे!" आणि सगळे असे काही हसले की फाटकातला पहारेकरीही बाहेर आला. त्यांनी मामांना खांद्यावर घेतलं आणि चित्र उंच धरून घोषणा दिल्या. संप त्यानंतर आणखी जोरात चालला. मामांनी घरी येऊन चित्र पुन्हा ट्रंकेत ठेवलं. मग एवढंच म्हणाले, "हसले. पण चुकीच्या माणसाला हसले."

नंतर केव्हातरी छपाईची कला शिकणारी एक मुलगी ही चित्रं बघायला आली. मामांना केवढा आनंद! तिच्यासाठी त्यांनी ऐन उन्हाळ्यात ट्रंक उतरवली. ती प्रत्येक चित्रावर नाक टेकवून बसली आणि सारखी 'वाह, वाह' करत राहिली. मामा शेजारी श्वास रोखून उभे. शेवटी ती म्हणाली, "काका, काय रेषा आहेत!" मामा म्हणाले, "रेषा? अहो, तिथे माणसाचं मुंडकं पडलंय!" ती म्हणाली, "हो ने, त्या मुंडक्याच्या केसांच्याच रेषा म्हणते मी." जाताना तिने बजावलं, की हा कागद जुना, चिंध्यांपासून केलेला आहे, याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, गुदमरेल. रंग पाण्याचे आहेत, जपा. मामांनी तिला चहा दिला, चिवडा दिला, आणि ती गेल्यावर खुर्चीत बसून म्हणाले, "विद्वान आहे पोरगी. काही उपयोग नाही."

अशा माणसाच्या घरात राहणं सोपं नव्हतं. पॅरिसात पाव संपला म्हणून राजा गेला, हे मामांना पाठ असल्यामुळे त्यांच्या घरात गहू कधी संपला नाही. बडोद्यात आम्ही सगळेच उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतो, त्याला दिवेल म्हणजे एरंडेल चोळतो, कोठीत ओततो. मामा दुप्पट भरत. पत्र्याची पुरुषभर उंचीची कोठी त्यांनी खास करवून घेतली होती, खाली गहू काढायला सरकती झडप असलेली, आणि ती घरातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे असं ते पाहुण्यांना सांगत. मामी डभोईच्या. मामा मुलगी बघायला डभोईला गेले, तर पोहे खायच्या आधी त्यांनी गावाचा जुना दरवाजा नीट निरखला आणि भावी सासऱ्यांना विचारलं, की हा फोडायला किती माणसं लागतील? सासरे चाट पडले. मुलगा एक तर फार शूर आहे किंवा वेडा आहे, असं त्यांनी घरात जाऊन सांगितलं, आणि मुलीचं वय होत चाललं होतं म्हणून शूर आहे असं धरून चालले. नवरात्रात मामा गरब्याला जात नसत. "एवढी माणसं एका तालात एका दिशेने फिरायला लागली की मला चैन पडत नाही," म्हणत. मामींची गरबा खेळायची हौस त्या एका वाक्यात गेली. ही गोष्ट मात्र मी कधी हसत सांगू शकलो नाही.

पण एवढं सगळं असून मामा कुणाच्या अंगावर ओरडल्याचं मला एकदाच आठवतं. त्यांच्याकडे कामाला रेवाबेन येते. नदीकाठच्या झोपड्यांत राहते, दिवसभर सोसायटीतल्या घरांची धुणीभांडी करते. मधे सोसायटीने पाटी लावली, की कामवाल्यांनी बागेतल्या बाकांवर बसू नये. मला वाटलं, मामांना बरं वाटेल. राजेशाहीचे एवढे कैवारी, आपली पायरी ओळखून राहावं वगैरे. मामा पाटी वाचून घरी आले, स्वतःची वेताची खुर्ची उचलली आणि बागेत नेऊन ठेवली. "रेवाबेन, बेसो," म्हणाले. सेक्रेटरी धावत आले तर मामा त्यांच्यावर उखडले. आयुष्यात पहिल्यांदा. "अहो, तुम्ही असं करता, आणि मग ते येतात! तो राजासुद्धा असंच करत होता!" क्रांतीच्या विरुद्ध असलेल्या माणसाने क्रांती टाळण्यासाठी आपली खुर्ची दिली, यात विसंगती आहे असं मी त्यांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "जावईबापू, मला डोकी उडायला नकोयत. कुणाचीच. बस, एवढंच."

खरं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत मला मामांची कीव यायला लागली होती, आणि स्वतःचीही. चित्र बघून हसायला थांबावं लागतं. आता थांबतो कोण? गणपतीला येणारी मंडळी मामा तिसऱ्या चित्राशी पोचेपर्यंत फोन काढत. त्यात दिवसाला शंभर विनोद येतात, ते बघून कुणी हसत नाही, फक्त अंगठ्याने पुढे सरकवतात. वर्तमानपत्रातली व्यंगचित्रं कधी गेली हेसुद्धा कुणाला कळलं नाही. कुणी काढलंच, तर ज्याचं काढलं तो हसण्याऐवजी वकील गाठतो. नातवंडांना मामांची मराठी निम्मी कळेना. ती आपसात गुजरातीत कुजबुजत आणि खिरापत घेऊन सटकत. मामा रिकाम्या खोलीतही उरलेली चित्रं पूर्ण करत. एकदा मी उंबऱ्याशी चपला घालत होतो आणि आतून त्यांचा आवाज येत होता, "...आणि गंमत अशी, की या गाढवाला वाटतंय तोच पुढे चाललाय." आत गणपतीशिवाय कुणी नव्हतं.

आणि मग पाणी आलं. विश्वामित्री फुगते हे बडोद्याला नवीन नाही, पण त्या वर्षी ती हरणीच्या सोसायट्यांत शिरली. श्रावण संपत आला होता, म्हणजे गोरे ट्रंकेतून उतरून बैठकीच्या खोलीत जमिनीवर वारा खात पडले होते. वर्षातले नेमके तेच दिवस. आम्ही दोघं मामामामींना आमच्याकडे न्यायला म्हणून गेलो आणि तिथेच अडकलो. रस्त्यावर गुडघाभर पाणी, आवारात मगर दिसल्याची बातमी, आणि वरच्या मजल्यावरच्या शहाबाई जिन्यातून ओरडतायत, "चालो, चालो, उपर आवी जाओ!" सगळे टीव्ही, गाद्या, कागदपत्रं वर चढवत होते. तेवढ्यात रेवाबेन आली. झोपडीत पाणी भरलं होतं. डोक्यावर एक गाठोडं, नवऱ्याच्या डोक्यावर दोन. भांडीकुंडी नव्हती त्यात. मुलीच्या लग्नासाठी तिने वर्षानुवर्षं हाताने शिवलेल्या गोधड्या होत्या, तिच्या भाषेत आणुं. वरच्या घरांत माणसांनाच जागा पुरत नव्हती. कोरडी म्हणावी अशी जागा मामांच्या माळ्यावर होती, छताला लागून, जेमतेम एका ट्रंकेएवढी.

मामा माळ्याकडे बघत होते. मग जमिनीवरच्या चित्रांकडे. मामी म्हणाल्या, "अहो, काय ते लवकर ठरवा." मामांनी शिडी लावली आणि रेवाबेनच्या नवऱ्याला म्हणाले, "दे ती गाठोडी. वर चढव." मी विचारलं, "मामा, चित्रं?" ते म्हणाले, "कोठीत. तिथे ब्रह्मदेव शिरणार नाही." फ्रेमा कोठीत मावेनात म्हणून त्यांनी चित्रं फ्रेमांतून सोडवली, निम्मे गहू चादरीत उपसले, ती जुन्या धोतरात गुंडाळली आणि गव्हावर निजवली. आमच्या हिने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. मामा म्हणाले, "नको, गुदमरतील. ती पोरगी सांगून गेलीय." वरून झाकण घट्ट लावलं. खालच्या सरकत्या झडपेची आठवण त्या घाईत कुणालाच झाली नाही. मलाही नाही.

पाणी उतरल्यावर खाली आलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती, आणि कोठीतून आंबट वास येत होता. माळ्यावरची गाठोडी कोरडी ठणठणीत. कोठीत झडपेतून पाणी शिरलं होतं, गहू फुगून वर आला होता, त्याला कोंब फुटले होते, आणि दिवेल, पाणी, धोतर आणि फ्रेंच राज्यक्रांती यांचा एकच लगदा झाला होता. मामांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक चित्र सोडवून ते गच्चीवर घेऊन गेले. गच्चीत सगळी सोसायटी वाळत पडली होती. गाद्या, पदवीची प्रमाणपत्रं, लग्नाचे अल्बम. त्यात मामांनी आपले एकवीस गोरे एका चादरीवर मांडले आणि कडेला बसले. कागद टिकले होते, शाईच्या रेषाही टिकल्या होत्या. रंग मात्र गेले होते. सगळे नाही. निळा गेला, पिवळा गेला, गालांचा गुलाबी गेला. टोपड्यांचा लाल तेवढा फुटून सगळीकडे पसरला होता. राजा लाल, राणी लाल, बिशप लाल, जेवणारा इंग्रज पोटासकट लाल, गाढवसुद्धा लाल. कोण कुणाचं डोकं उडवतंय ते आता कळत नव्हतं. मामा एकेक चित्र बघत गेले आणि म्हणाले, "आली शेवटी."

आमची ही रडत होती. आणि तेवढ्यात रेवाबेन आपल्या गोधड्यांना ऊन द्यायला वर आली. चादरीपाशी थबकली, वाकली, आणि एकदम तिला हसू फुटलं. तोंडावर पदर धरला तरी आवरेना. खाली बसून, मांडीवर हात आपटत हसत राहिली. "मामा, आ तो बधा होळी रमीने आव्या!" सगळे होळी खेळून आलेत म्हणे. तिने त्या जाड्या इंग्रजाकडे बोट दाखवलं, काही म्हणायला गेली आणि पुन्हा हसायला लागली. तिचं हसू बघून आमच्या हिलाही रडता रडता हसू आलं, मग शहाबाईंना, मग मला. चिखलात सगळं गमावून बसलेली ती गच्ची हसायला लागली. मी मामांकडे पाहिलं. सवयीने त्यांचं तोंड उघडलं होतं, हात छडीसाठी चाचपत होता. मग तोंड मिटलं. ते रेवाबेनकडे असे बघत राहिले, की मला तिकडे बघवेना.

त्या वर्षीचा गणपती हातभर उंचीचा आणला. भिंतींना अजून ओल होती, मखर नव्हतं, आरास नव्हती. चित्रं मामींनी जुन्या लुगड्यात बांधून ठेवली होती. आरती झाली आणि मामींनी ताट सरळ पुढे केलं. लोकांनी खिरापत घेतली, नमस्कार केला आणि घरी गेले. गोरे कुठे गेले, हे एकानेही विचारलं नाही. ज्यांनी त्यांच्यापासून सुटायला वर्षानुवर्षं युक्त्या लढवल्या, त्यांच्या हे ध्यानातसुद्धा आलं नसावं. सगळे गेल्यावर मी मामांशेजारी जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मामा, तुमची एक इच्छा मात्र पुरी झाली. रेवाबेन न सांगता हसली."

मामा म्हणाले, "हो. आणि योग्य हसली." मग म्हणाले, "जावईबापू, एक सांगू? मला स्वतःला ती चित्रं कधी विनोदी वाटली नाहीत. लहानपणी गणपतीत पाहुण्यांची गर्दी व्हायची, मला त्या भिंतीखाली निजवत. मी रात्रभर पांघरुणात डोकं घालून असे. वडील म्हणायचे, भितोस काय, विनोदी आहेत ती. मग मला वाटायचं, एखादा जरी खरोखर हसला ना, तर विनोदी असतील, आणि माझी भीती जाईल."

"मग गेली?" मी विचारलं.

"गेली की. त्या गच्चीवरच गेली." ते समोरच्या ओल्या भिंतीकडे बघत होते. "पण मला वाटलं होतं, ती गेली की बरं वाटेल. जाऊ द्या. आता ज्याला भ्यायचं त्याला तर तोंडच नाही. ना नाक लांब, ना टोपडं लाल. तुम्ही एवढे पेपर वाचता. सांगा बघू, हल्ली ज्यांची भीती वाटते त्यांची चित्रं काढतं का कुणी?"

मी शेजारचा पेपर उचलून पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत चाळला. फोटो पुष्कळ होते, तसं चित्र एकही नव्हतं.